शिकाऊ उमेदवार हाही कामगारच

मजुरी, बोनस आणि महागाईभत्ता या विषयांवर आपल्या कामगार चळवळीत जेवढा खल होतो, त्याच्या दशांशानेही तो कुशल कामगार घडतो कसा या प्रश्नावर होत नाही. हा प्रश्न आपण कारखानदारांवर आणि सरकारी खात्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत. भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या अमेरिकेत मात्र बांधकाम क्षेत्रातील काही कामगार संघटनांनी तो स्वतःच्या हाती ठेवला. इमारतींचे व पुलांचे पोलादी सांगाडे उभारणाऱ्या लोखंडकामगारांची संघटना ही त्यांपैकी एक. १८९६ साली पिट्सबर्ग येथे स्थापन झालेली ही संघटना समाजवादी म्हणवून घेत नाही. तरीही तिच्या उमेदवारीच्या पद्धतीतून समाजवाद्यांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

ही पद्धत अशी. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व सामान्यतः शालान्त शिक्षण घेतलेल्या तरुणाची निवड झाली की, तीन ते चार वर्षांची उमेदवारी सुरू होते. तो कुशल कारागिरांच्या टोळीत प्रत्यक्ष कामावर जातो. क्रेनने वर आलेली तुळई खांबाला जोडणे, बोल्ट आवळणे, काँक्रीटच्या पोटातील सळया बांधणे, वेल्डिंग करणे ही कामे तो करता करता शिकतो. शिवाय वर्षाकाठी सुमारे दोनशे तास वर्गात बसून नकाशा वाचणे, अवजड भार उचलण्याचे गणित आणि सुरक्षिततेचे नियम यांचा अभ्यास करतो. जेथे एक चुकीचे पाऊल प्राण घेऊ शकते, तेथे हे शिक्षण म्हणजे जीवनविमाच होय.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. केलेल्या कामाच्या प्रत्येक तासाची त्याला मजुरी मिळते. पूर्ण कारागिराची मजुरी १०० मानली, तर उमेदवाराची सुरुवात साधारणतः ५० ते ६० पासून होते, ती टप्प्याटप्प्याने वाढते आणि उमेदवारी संपताच १०० होते. प्रमाण ठिकठिकाणच्या करारांनुसार कमीअधिक असेल, पण तत्त्व एकच. उमेदवाराची मजुरी कारागिराच्या मजुरीला बांधलेली असल्यामुळे एकाची मजुरी वाढली की दुसऱ्याचीही वाढते. जुन्या कामगाराला नवख्याची धास्ती राहत नाही. किती कारागिरांमागे किती उमेदवार असावेत हेही करारानेच ठरते. म्हणून ‘शिक्षणा’च्या नावाखाली स्वस्त मजूर भरून कारागिरांना घरी बसविण्याची वाट मालकाला सहजासहजी मिळत नाही.

यामागचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. शिकविलेला माणूस उद्या दुसऱ्याकडे जाणार असेल, तर त्याच्या शिक्षणावर मी खर्च का करावा, असा प्रश्न प्रत्येक मालकाला पडतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली मांडलेल्या सिद्धान्ताचे उत्तर असे की, कोठेही उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा खर्च शिकणाऱ्यानेच, कमी मजुरी पत्करून, सोसावा. बाजाराच्या तर्काने हे बरोबर असेलही. पण ज्याच्या घरात उद्याच्या भाकरीची चिंता आहे, त्याने तो कोठून सोसावा? लोखंडकामगारांनी वेगळा मार्ग काढला. करारात सामील असलेला प्रत्येक कंत्राटदार कामाच्या तासागणिक ठरावीक रक्कम प्रशिक्षण निधीत भरतो. त्या निधीच्या कारभारात कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी समसमान असतात. कामगार आज या कंत्राटदाराकडे, उद्या त्या कंत्राटदाराकडे गेला तरी बिघडत नाही, कारण त्याच्या शिक्षणाचा खर्च सर्वांनी मिळून उचललेला असतो. उमेदवार कमी मजुरीच्या रूपाने आपला वाटा देतोच. पण तो किती आणि किती काळ, हे एकटा मालक ठरवीत नाही. १९३७ च्या राष्ट्रीय उमेदवारी कायद्याने अशा योजनांना सरकारी मान्यतेची व किमान दर्जाची चौकट दिली.

या चित्राची काळी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. उमेदवारीचे दार संघटनेच्या हाती असल्यामुळे अनेक ठिकाणी ते गोऱ्यांच्या मुलांना आणि पुतण्यांनाच उघडे राहिले. कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळावा म्हणून १९६९ साली केंद्र सरकारला ‘फिलाडेल्फिया योजना’ आणावी लागली, आणि ज्या सहा व्यवसायांना ती लागू झाली त्यांत लोखंडकाम होते. सिॲटलच्या लोखंडकामगार शाखेविरुद्ध तर सरकारला न्यायालयात जावे लागले. स्त्रियांची संख्या आजही तुटपुंजी आहे. सवेतन प्रसूतिरजेची योजना संघटनेने आणली ती २०१७ साली. शिवाय अमेरिकेतील बांधकाम कामगारांपैकी जेमतेम दहा टक्केच आज संघटित आहेत. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्याला यातील बोध वेगळा सांगावयास नको. कौशल्याची राखण करणारी संघटना दार बंद करून बसली, तर तिची जात व्हावयास वेळ लागत नाही.

आता आपल्याकडे पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे १८ वे कलम सांगते की, उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. सुरक्षितता, अपघाताची भरपाई अशा काही तरतुदी त्याला लागू आहेत. परंतु कामगार कायद्यांचे छत्र त्याच्या डोक्यावर नाही. २०१९ च्या वेतन संहितेनेही त्याला कामगाराच्या व्याख्येबाहेरच ठेवले. त्याच वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन त्याचे किमान मासिक विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरले. ते विद्यावेतन आहे, मजुरी नव्हे. शब्दांचा हा फरक केवळ शब्दांचा नाही. आणि इमारतींवर सळया वाकविणारे, बांधणारे हजारो तरुण तर या कायद्याच्याही बाहेर, मुकादमाच्या हाताखाली शिकतात. त्यांच्यापाशी ना करार असतो, ना प्रमाणपत्र.

उमेदवाराला कामगार मानले तर मालक उमेदवार घेणारच नाहीत, असा आक्षेप येईल. एकेका मालकाच्या खिशातून खर्च व्हावयाचा असेल तर तो खराही ठरेल. पण सामायिक निधी आपल्याला नव्याने शोधावयाचा नाही. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्याची तरतूद १९९६ सालीच झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. या निधीतील प्रचंड रकमा कामगारांपर्यंत पोहोचल्याच नाहीत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यातील निश्चित हिस्सा सवेतन उमेदवारीसाठी राखावा, त्याच्या कारभारात कामगार संघटनांना बरोबरीचे स्थान द्यावे, दलित, आदिवासी व स्त्रिया यांच्यासाठी जागा आरंभापासूनच ठेवाव्यात आणि १८ वे कलम बदलून उमेदवाराला कामगाराचा दर्जा द्यावा, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी हाती घेतली पाहिजे. त्यासाठी प्रथम संघटनांनी आपल्या सदस्यत्वाचे दार उमेदवारांना उघडावे. ज्याला आपण स्वतःच कामगार मानीत नाही, त्याला सरकारने तसे मानावे असे कोणत्या तोंडाने सांगणार?