जुगाड नव्हे, मोजमाप!

‘जुगाड’ हा शब्द अलीकडे फारच प्रतिष्ठित होऊन बसला आहे. उत्तर भारतात पाणी उपसायच्या पंपाचे इंजिन सांगाड्यावर बसवून जी गाडी रस्त्यावर आणीत, तिचे हे नाव. पुढे २०१२ साली जुगाडाचा गौरव करणारे एक इंग्रजी पुस्तक निघाले, व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून त्याचे गोडवे गायले जाऊ लागले, आणि आता गावातल्या मिस्त्रीने काहीही केले तरी आपण म्हणतो, “वा, काय जुगाड केला!” मला हे कौतुक खटकते. त्याने जाणत्या मिस्त्रीच्या विद्येचा अपमान होतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, लोकांच्या जिवाशी खेळणाऱ्या अडाणी मिस्त्रीलाही तीच शाबासकी मिळते. जुन्या फोर-व्हील पिक-अपचा मागचा आस बदलणे, या एकाच कामाच्या आधारे मी हे म्हणणे मांडणार आहे. बैलगाडीचा आस आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र त्याला ‘अच्चु’ म्हणतात. मोटारीचा आस तोच, फक्त त्याच्या पोटात दाते आहेत.

मी बैहरचा. बालाघाट जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव आज मध्य प्रदेशात आहे. १९५६ पूर्वी मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, आणि मराठी बोलणारी घरे आमच्या जिल्ह्यात आजही आहेत. बैहरला रेल्वे नाही. बालाघाटहून येणारा रस्ता गांगुलपाऱ्याचा घाट चढून, उकव्याच्या मँगनीज खाणीवरून येतो. पुढे मलाजखंडची तांब्याची खाण आहे आणि दुसऱ्या अंगाला कान्हाच्या जंगलाचे मुक्की प्रवेशद्वार. मधल्या गोंड-बैगा वस्त्यांचे पावसाळी रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दोन्ही आसांना ओढ असलेली गाडी म्हणजे चैन वाटणार नाही. धान, मोहफुले, तेंदूपत्ता यांची ने-आण अशा गाडीतून होते. मालगाडीत माणसे बसवू नयेत असा नियम आहे. पण बाजाराच्या दिवशी तो किती पाळला जातो, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी उभे राहून पाहावे. म्हणून मागचा आस हा केवळ मालकाच्या खर्चाचा प्रश्न राहत नाही.

आमच्या घरच्या जुन्या पिक-अपच्या मागच्या आसाच्या नळीला तडा गेला. त्याच नमुन्याचा आस कोठे मिळेना. नवी फोर-व्हील गाडी घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा नागपूरच्या मोडीतून दुसऱ्या गाडीचा आस आणावयाचे ठरले. असा प्रसंग आमच्यावरच आला असे नव्हे. कान्हाच्या पर्यटकांना अनेक वर्षे फिरवणारी जिप्सी गाडी १९८५ साली बाजारात आली आणि २०१९ साली सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. कंपनीचे उत्पादन थांबते, गाडीचे काम थांबत नाही. अशा वेळी एका गाडीचे अवयव दुसरीला लावणे यात मला काहीच गैर वाटत नाही. प्रश्न एवढाच, की ते लावायचे कसे?

आमच्या मिस्त्रीकाकांनी पहिला अर्धा दिवस एकही बोल्ट उघडला नाही. त्यांनी फक्त मापे घेतली. हौसिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, चाकाच्या बोल्टांमधले अंतर, कमानपट्ट्यांच्या बैठकांमधले अंतर, आणि डिफरन्शियलचा गोल डबा मध्यापासून किती बाजूला आहे, हे सर्व त्यांनी वहीत उतरवले. हे शेवटचे माप अनेकांच्या ध्यानातच येत नाही. महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला विलिज जीप जोडायला प्रारंभ केला. त्या मूळ जीपचे डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे असते, कारण ताकद वाटणारी पेटी तिचा दांडा उजव्या बाजूने बाहेर काढते. त्या जागी मधोमध डबा असलेला आस बसवला तर दांडा तिरका धावतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात.

यानंतर त्यांनी दाते तपासले. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते, हे आसाचे प्रमाण. युद्धकाळातील विलिज जीपमध्ये पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दाते होते. नंतरच्या सीजे-३बी जीपमध्ये ८ आणि ४३. वरवर पाहता फरक थोडा आहे. परंतु गणित करून पाहावे. चाके आठ वेळा फिरली की पहिल्या आसाचा दांडा ३९ वेळा फिरतो आणि दुसऱ्याचा ४३ वेळा. एक आस पुढे आणि दुसरा मागे बसवला, तर फोर-व्हील टाकल्याबरोबर पेटी दोन्ही दांड्यांना सारखेच फिरवणार आणि चाकांना ते मान्य होणार नाही. चिखलात टायर घसरून हे भांडण मिटवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो. मग ताण साठत जातो आणि सांधा तरी तुटतो नाहीतर दाता. म्हणूनच आणलेला पहिला आस मिस्त्रीकाकांनी परत पाठवला. प्रमाण पाहण्याची त्यांची रीत कोणालाही करता येईल. आस घोडीवर ठेवून दोन्ही चाके बरोबरीने एक फेरा फिरवायची आणि पिनियनवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजायचे. एक चाक धरून ठेवले असेल तर दुसरे दोन फेरे फिरवायचे. जुळता आस मिळेपर्यंत आमची गाडी तीन आठवडे लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. आम्ही घरची माणसे उतावीळ झालो होतो. काका झाले नाहीत.

पुढचे काम वेल्डिंगचे. कमानपट्ट्यांच्या नव्या बैठका त्यांनी आधी नुसत्या टाचून घेतल्या, गाडीचे सारे वजन चाकांवर आणले, पिनियनचा कोन पेटीच्या दांड्याशी जुळतो की नाही ते पाहिले, आणि मगच पक्के वेल्डिंग केले. तेही थोडे या बाजूस, थोडे त्या बाजूस. कारण एका जागी फार उष्णता दिली तर नळी वाकते आणि बेअरिंगे खातात. यू-बोल्ट नवे घेतले. कमानपट्टे दबल्यावरही दांड्याला आत सरकायला जागा उरते का, हे पाहिले. पहिल्या काही दिवसांच्या फेऱ्यांनंतर गाडी परत बोलावून यू-बोल्ट पुन्हा आवळले.

यात जिवाशी गाठ पडते ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण ब्रेक. आस बदलला की त्याच्याबरोबर ब्रेकही बदलतात. मागचे ब्रेक पुढच्यांच्या मानाने जास्त जोरदार झाले, तर घाट उतरताना मागची चाके आधी जखडतात आणि गाडीची शेपटी फिरते. शिवाय जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून पेटीच्या मागे, दांड्यावर असतो. दांडा तुटला की मागच्या चाकांवरचा त्याचा ताबाही गेला. दुसरे ठिकाण आसाची जात. काही आसांत चाकाचा भार हबवर असतो. आतला शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. युद्धकाळातील जीपचा मागचा आस असा होता. काही आसांत, आणि पुढच्या नागरी जीप याच प्रकारच्या, शाफ्ट हाच ओढही देतो आणि भारही पेलतो. तो बाहेरच्या अंगाला तुटला तर चाक गाडीला सोडून जाऊ शकते. पहिल्या जातीच्या जागी दुसरी बसवताना ही गोष्ट मालकाला सांगायलाच हवी. ‘बसला ना? मग झाले!’ असे म्हणणारा मिस्त्री ती सांगत नाही, कारण ती त्यालाच ठाऊक नसते. आणि मागे पोत्यांवर बसलेल्या बाईला तर कोणीच काही विचारलेले नसते.

आता कायद्याचा पक्ष पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की निर्मात्याने दिलेला आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करू नये. मालवाहू गाडीच्या नोंदणीत प्रत्येक आसावरचे वजनही असते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कायद्याचा हेतू योग्यच आहे. तथापि केवळ धाकाने काय होते? मिस्त्री काम करतो, पण कागदावर काही लिहीत नाही. चांगले काम आणि वाईट काम दोन्ही अंधारात होतात, आणि अंधारात दोन्ही सारखीच दिसतात.

माझी सूचना साधी आहे. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशा बदलाची तपासणी करून घेण्याची सोय असावी. मिस्त्रीने एक चिठ्ठी लिहावी: जुन्या-नव्या आसाचे दाते, रुंदी, ब्रेकचे माप, आसाची जात, वेल्डिंग कोणी केले. विद्यार्थ्यांनी गाडी पाहून, मोजून त्या चिठ्ठीची शहानिशा करावी, अध्यापकाने सही करावी, आणि परिवहन कार्यालयाने ती पाहूनच परवानगी द्यावी किंवा नाकारावी. यात मिस्त्रीला मान आहे, विद्यार्थ्याला खरे शिक्षण आहे आणि प्रवाशाला संरक्षण आहे. “एवढा खटाटोप कोण करणार?” असे कोणी विचारील. ज्या माणसाने तीन आठवडे धंदा थांबवून जुळत्या दात्यांची वाट पाहिली, तो करील. न करणारा कोण, हेही त्यामुळे कळेल.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांनी क्राऊन-पिनियनची आकृती परीक्षेत काढली आहे आणि गुणही मिळवले आहेत. दहावीही न झालेल्या माणसाने तीच आकृती वंगणाने माखलेल्या हातांनी उलगडून, खडूने फेरे मोजून, एक चुकीचा आस परत पाठवला. त्याच्या या कामाला जुगाड म्हणू नका. ते मोजमाप आहे, आणि मोजमापालाच आपण महाविद्यालयात विज्ञान म्हणतो.