सवलत, हक्क आणि फुकटचा सर्व्हर

१/
२८ नोव्हेंबर २०२२ या दिवसापासून हेरोकू या अमेरिकी कंपनीने आपली फुकट सर्व्हरसेवा गुंडाळायला आरंभ केला. स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्राम जगाला दिसेल असा ठेवण्याची अनेक विद्यार्थ्यांची ती पहिली जागा होती. कंपनीने तीन महिने आधी सूचना दिली आणि गैरवापर फार वाढल्याचे कारण सांगितले. वापरणाऱ्यांना तिने विचारले नाही. विचारण्याचे बंधनही तिच्यावर नव्हते. या प्रसंगाचा नेमका अर्थ सांगणारी शब्दांची जोडी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जुनी आहे : सवलत आणि हक्क. हा थ्रेड त्या जोडीविषयी.

२/
आजचे हे दोन्ही जिल्हे म्हणजे ब्रिटिश अमदानीतला मध्य प्रांतातील चांदा जिल्हा. गडचिरोली त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. सरपण, बांबू, गवत, मोहफुले, चराई या गोष्टी गरजेपुरत्या जंगलातून घेण्याच्या वहिवाटीला या मुलखात 'निस्तार' म्हणतात. १९५१ मध्ये जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झाले आणि निस्तार महसुली दफ्तरातील 'निस्तार पत्रका'त जाऊन बसला. कागदावर तो जिवंत होता. प्रत्यक्षात बैलगाडी नाक्यावर अडली की गार्डाच्या मर्जीवर येत असे.

३/
वसाहतकालीन वनव्यवस्थेने हा भेद फार काटेकोरपणे जपला होता. हक्क काढून घ्यायचा तर चौकशी करावी लागते, कारणे नोंदवावी लागतात. सवलत मागे घ्यायला एक हुकूम पुरतो. घेणाऱ्याच्या हातात पडणारी सरपणाची मोळी दोन्ही वेळा तेवढीच असते, म्हणून सुकाळात हा भेद कोणाच्या लक्षात येत नाही.

४/
आता संगणकाकडे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या खोलीत अहोरात्र चालू असलेला, दुरून वापरता येणारा संगणक. तो वाटून घेणे ही इंटरनेटच्या काळातली कल्पना नाही. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र बसले, तेव्हा देशात तेवढ्या ताकदीचे यंत्र विरळाच. ते एका संस्थेपुरते ठेवले गेले नाही. देशभरच्या विद्यापीठांची आणि संशोधनसंस्थांची गणिते त्यावर होत. पंचकार्डांचे गठ्ठे रांगेत लागत, पाळी आली की काम होई. यंत्र महाग होते, म्हणून वाटपाची शिस्तही होती.

५/
अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेने याहून मोकळी रीत पाडली. रात्री यंत्रे रिकामी असत, तेव्हा बाहेरच्या शिकाऊ मुलांना त्यांवर काम करू दिले जाई. त्यांना 'टूरिस्ट' म्हणत, आणि त्यांच्यासाठी लेखी धोरण होते : संशोधकांच्या कामाच्या वेळी यंत्र अडवायचे नाही, जे कराल ते शिकण्यासाठी करा. याच प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उल्लेख निघाला की परवान्यांची चर्चा होते. तिच्या जन्माच्या वेळी घरात एक वाटून वापरलेले यंत्र होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

६/
पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि वाटपाचे काम कंपन्यांकडे गेले. १९९९ मध्ये सोर्सफोर्ज आले, २००६ मध्ये गुगल कोड, २०११ मध्ये ट्रॅव्हिस सीआय. ओपन सोर्स प्रकल्पांना सारे फुकट. त्यांतले गुगल कोड २०१६ च्या जानेवारीत बंद झाले. सोर्सफोर्जवर २०१५ मध्ये लोकांच्या सॉफ्टवेअरबरोबर नको ती जाहिरातबाज सॉफ्टवेअरे चिकटवल्याचा आरोप झाला आणि त्याची पत गेली. ट्रॅव्हिसने २०२० च्या नोव्हेंबरात ओपन सोर्ससाठीची अमर्याद सेवा आखडली.

७/
ट्रॅव्हिसचे कारण ऐकण्यासारखे आहे. फुकट मिळणाऱ्या यंत्रवेळेवर कूटचलन 'खणणाऱ्यांच्या' टोळ्या पडल्या होत्या. एक माणूस शेकडो खोटी खाती उघडतो, प्रत्येक खात्याचा कोटा खणण्यात जाळतो आणि निघालेले दिडक्यांचे मोल खिशात घालतो. २०२१ मध्ये गिटलॅबने याच त्रासापायी नव्या फुकट खातेदारांकडे क्रेडिट कार्ड मागायला सुरुवात केली. त्याच वर्षी डॉकरनेही आपली एक फुकट सोय याच कारणाने काढून घेतली.

८/
कार्डाची अट कंपनीच्या दृष्टीने अगदी साधी आहे : पैसे कापायचे नाहीत, माणूस खरा आहे एवढे कळले म्हणजे झाले. पण या अटीने चोर अडतो त्याहून अधिक सहज एटापल्ली किंवा भामरागडची विद्यार्थिनी अडते. तिच्या घरात क्रेडिट कार्ड कोणी पाहिलेले नसते. चोराकडे चोरलेली कार्डे असतात. नाक्यावर सरपणाची मोळी अडते आणि सागवानाचा ट्रक निघून जातो, हे चित्र या मुलखाला नवे नाही.

९/
इथे एक उत्तर नेहमी तयार असते : फुकटचे असेच व्हायचे, सामाईक कुरण उजाडच होते. हे मत गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या प्रसिद्ध लेखाने रूढ केले. पुढे हार्डिन यांनीच कबूल केले की आपण म्हणत होतो ते 'व्यवस्था नसलेल्या' सामाईक संपत्तीविषयी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, पाटबंधारे, मासेमारीची पाणथळे तपासून दाखवले की वापरणारे लोक स्वतः नियम करतात, स्वतः पाळत ठेवतात, तिथे सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

१०/
त्याच २००९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्या हक्कांपैकी हा एक. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण ऑस्ट्रॉम पुस्तकात जे सांगत होत्या ते मेंढ्यात आधीच चालू होते.

११/
मेंढ्याची खरी कमाई हक्काच्या कागदाच्या फार आधीची आहे. ऐंशीच्या दशकात या भागात मोठ्या धरणांविरुद्ध आंदोलन उभे राहिले, 'मावा नाटे मावा राज' ही घोषणा घुमली : आमच्या गावात आमचे राज्य. त्यानंतर देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल, यांनी एक संथ काम हाती घेतले. अभ्यासगट भरवले. ग्रामसभेचा निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहायचे, असे ठरवले. जंगलाला आग लावायची नाही, अतिक्रमण करायचे नाही, काय किती घ्यायचे ते सभेत ठरवायचे, आणि गस्त गावानेच घालायची.

१२/
म्हणजे क्रम असा होता : आधी सभा आणि नियम, मग कागद. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला तेव्हा तो वापरू शकेल असे गाव तयार होते. कायदा साऱ्या देशासाठी होता. मेंढ्यासारखी तयारी थोड्याच गावांत होती.

१३/
कागद मिळूनही एक किल्ली खात्याकडेच राहिली. बांबू गावाचा, पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देणार वनखाते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांची पुस्तिकाच ग्रामसभेच्या हाती दिली, तेव्हा हक्क पुरा झाला. संगणकवाल्यांच्या भाषेत याला रूट पासवर्ड म्हणतात. खाते तुमचे, फायली तुमच्या, पण रूट दुसऱ्याकडे असेल तर एका सकाळी दार बंद सापडते.

१४/
चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची गोष्ट याच जातीची आणि काही बाबतींत अधिक बोलकी. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १००० हेक्टरांचा हक्क मिळाला. ग्रामसभेने बसून शंभराहून अधिक नियम लिहिले. तेंदूपत्ता हा या भागातला हमखास रोख पैसा. पण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, म्हणून पाचगावने तो गोळा करणेच सोडले आणि बांबूवर भर दिला. बाहेरून कोणी ही बंदी लादली असती तर तो अन्याय ठरला असता. गावाने स्वतःवर घातली, म्हणून ती पाळली गेली.

१५/
फुकट सर्व्हरच्या जगात असे पाचगाव नाहीच असे नाही. 'जीसीसी कंपाइल फार्म' हा त्यांतला एक. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला तिथे फुकट खाते मिळते आणि एरवी हाताला न लागणारी निरनिराळ्या जातीची यंत्रे दुरून वापरता येतात. यंत्रे देणगीची, सांभाळ स्वयंसेवकांचा. खाते मागताना कार्ड लागत नाही. आपण कोणत्या प्रकल्पावर काम करतो ते सांगावे लागते. म्हणजे ओळख पटते ती कामावरून. शेजाऱ्याला शेजारी ओळखतो तसे हे ओळखणे. खणणाऱ्या टोळीला इथे तोंड दाखवणे अवघड जाते.

१६/
मात्र जंगलाची उपमा इथे थोडी थांबवायला हवी. न तोडलेला बांबू बेटातच उभा राहतो. न वापरलेली यंत्रवेळ त्याच क्षणी वाया जाते. रात्रभर रिकाम्या चालणाऱ्या सर्व्हरने कोणाचे काहीच वाचवलेले नसते, म्हणून त्याच्या बाबतीत वाटून न घेणे हीच उधळपट्टी.

१७/
दुसरा फरक कडू आहे. बांबूतून गावाला पैसा येतो, सर्व्हरला पैसा लागतो : वीज, थंडावा, जोडणी, बिघडलेल्या डिस्का. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठाची ओपन सोर्स लॅब २००३ पासून कितीतरी नामवंत प्रकल्पांना यंत्रे आणि जागा देत आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिला जाहीर सांगावे लागले की अडीच लाख डॉलर मिळाले नाहीत तर दार लावावे लागेल. मदत आली आणि लॅब वाचली. पण जिच्या यंत्रांवर जगाने वीस वर्षे विसंबावे, तिच्या खर्चाची कोणाला कल्पनाही नसावी, हे वापरणाऱ्यांची सभा नसल्याचेच लक्षण.

१८/
आता कोणी म्हणेल, भामरागडला आधी धड रस्ता आणि धड टॉवर हवा, सर्व्हर कशाला? रस्ता आणि टॉवर हवेतच. परंतु दुरून यंत्र वापरण्याची सोय सर्वांत अधिक उपयोगी पडते ती नेमकी अशा ठिकाणी. ज्या घरात लॅपटॉप नाही, एक जुना अँड्रॉइड फोन आहे, तिथे टर्मक्ससारख्या फुकट अॅपमधून दूरच्या लिनक्स यंत्राची काळी खिडकी उघडता येते. तिच्यातून जाते-येते ती केवळ अक्षरे. व्हिडिओचा धडा जिथे अडखळतो तिथे ती चालते. नेटवर्क जाऊन-येऊन असले तरी काम तुटू नये म्हणून २०१२ पासून 'मोश' हे मुक्त सॉफ्टवेअरही आहे. जड काम दूरचे यंत्र करते, फोन फक्त पाटी होतो.

१९/
आणि या मुलखात करण्यासारखे काम आहे, जे कोणतीही मोठी कंपनी आपण होऊन आधी हाती घेणार नाही. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. लिपीला क्रमांक मिळाले म्हणजे भाषा संगणकावर आली असे नव्हे. कळपाटी, शब्दकोश, शुद्धलेखन तपासणी, आवाजाचे नमुने हे सारे कोणीतरी बसून करावे लागते, आणि माडिया किंवा गोंडी घरात बोलणाऱ्या मुलांनी केले तर ते नीट होईल. त्यासाठी लागणारे यंत्र फार मोठेही नाही.

२०/
गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठापासून वेगळे झाले ते याच दोन जिल्ह्यांसाठी. विद्यापीठ, महाविद्यालये, जिल्ह्याची कार्यालये दर काही वर्षांनी संगणक 'निर्लेखित' करतात, म्हणजे दफ्तरातून खोडतात. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर लिनक्स घालून त्यांचा सामाईक सर्व्हर करता येईल. हे तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. अवघड भाग दुसराच : ते यंत्र प्राचार्यांच्या खोलीत कुलूपबंद राहिले आणि वापर 'परवानगीने' झाला, तर ती पुन्हा सवलतच.

२१/
म्हणून पहिली खरेदी यंत्राची नको. आधी वीस-पंचवीस वापरणाऱ्यांची सभा भरावी. तिने ठरवावे : खाते कोणाला, किती दिवसांचे, परीक्षेच्या काळात कोणाचे काम मागे, खणताना कोणी सापडला तर काय, नवख्याला पहिला आठवडा कोण हाताशी धरील, विजेचा खर्च कोण किती उचलील. रूट पासवर्ड तिघांकडे असावा, त्यांतला एक तरी विद्यार्थी, आणि दर वर्षी तिघे बदलावेत. मेंढ्याच्या सभेत एका विषयावर अनेक बैठका होत. इथेही लागतील तर लागू द्याव्यात.

२२/
विजेचा प्रश्न निघालाच आहे म्हणून एक नोंद. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून वीज वाहून नेते, आणि राज्यातील मोठी डेटा सेंटरे मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यातच आहेत. कोळसा इथला, राख इथे, उन्हाळ्यातला पंचेचाळीस अंशांपलीकडचा पाराही इथलाच. एका वर्गखोलीत चार जुनी यंत्रे चालवायला यातली किती वीज लागेल, हा हिशेब त्या सभेच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर मांडता येईल.