पहिले धनुष्य किती पौंडांचे?

साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि आमच्या वर्गातल्या मुलामुलींनाही धनुष्याचे वेड लागले. एका अब्बांनी हौसेने लेकाला 40 पौंडांचे शिकारी धनुष्य आणले. पंधरवड्यात मुलाचा खांदा दुखावला, धनुष्य कपाटावर गेले. चूक आमचीही होती. त्यांनी विचारले तेव्हा "भारीच घ्या, वर्षानुवर्षे टिकेल" असे आम्हीच सांगितले होते.

म्हणून नीट शिकून लिहितो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे. धनुष्य घ्यायचे ते निशाण्यासाठीच. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 16 ते 18 पौंड पुष्कळ. पाती सुटी होणारे रिकर्व्ह घ्या. ताकद वाढली की फक्त पाती बदलतात. दोन्ही हात पसरून लांबी मोजा, अडीचने भागा. दोरी किती खेचली जाईल याचा अंदाज मिळतो. पूर्ण खेचून दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरला, तर ते धनुष्य नको. बाणाशिवाय दोरी कधीच सोडू नये, धनुष्य मोडते.

आपल्या दीनात तिरंदाजीची कदर आहे, तशी सब्राचीही. तो मुलगा आता 16 पौंडांवर पुन्हा शिकतोय, अल्हम्दुलिल्लाह.