करप्याचे खरे नाव

आंब्याला मोहोर आला की कोकणात करप्याची धास्ती सुरू होते. पानांवर तपकिरी ठिपके, काळवंडलेला मोहोर, आणि झाडावर निर्मळ दिसलेले फळ अढीत पिकता पिकता डागाळलेले. हा करपा कशाने होतो, असे विचारले की वर्षानुवर्षे एकच नाव सांगितले जाते : कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइड्स. उच्चारायलाच इतके अवघड, की अचूक असणारच असे वाटते. तसे ते नाही.

हे नाव मिळाले एकोणिसाव्या शतकात, इटलीतल्या लिंबूवर्गीय झाडावरच्या एका बुरशीला. पुढे 1957 मध्ये बुरशीतज्ज्ञ फॉन आर्क्स यांनी कोलेटोट्रायकम या घराण्याची आवराआवर केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या बुरशींची सुमारे 600 नावे या एका नावात विलीन केली. नवे झाड दिसले की नवी जात जाहीर करण्याची तेव्हाची हौस पाहता ते शहाणपणाचेच होते. पण मग उलटी सवय लागली. आंबा, पपई, मिरची, कॉफी. झाड कोणतेही असो, नाव तेच.

डीएनएने ही खोगीरभरती उघडी पाडली. 2008 मध्ये मूळ नाव इटलीतल्याच एका प्रमाण नमुन्याशी पक्के जोडले गेले. त्याच्याशी ताडून पाहिले, तर उष्ण प्रदेशातल्या फळांवर खरी ग्लिओस्पोरिऑइड्स क्वचितच सापडते असे निघाले. 2012 च्या मांडणीत या एका नावाच्या आसपास 22 जाती उभ्या राहिल्या. आंब्यावर वारंवार आढळणारी एशियानम तर 2009 मध्ये थायलंडमधल्या कॉफीच्या फळांवरून वर्णिलेली. भारतातल्या आंब्यावरही एकापेक्षा जास्त जाती निघाल्या आहेत.

हा नुसता नावांचा खेळ नव्हे. आफ्रिकेत कॉफीची हिरवी फळे कुजवणारी काहावाए ही याच घराण्यातली, आणि नुसत्या डोळ्यांनी चुलत भावंडांतून वेगळी काढता न येणारी. ती आफ्रिकेबाहेर पडू नये म्हणून देशोदेशी पहारा आहे. पण बंदरावरच्या पाहणाऱ्याने अहवालात ‘ग्लिओस्पोरिऑइड्स’ लिहून दिले तर पहारा कसला? बागायतदाराचेही तेच. घराण्याच्या शेजारच्या शाखेतली अॅक्युटाटम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाला सहज दाद देत नाही. तिलाही तेच सरसकट नाव दिले आणि फवारणीचे पैसे वाया गेले की दोष मात्र औषधाला किंवा पावसाला.

‘आम्ही डीएनए तपासला’ एवढ्यानेही भागत नाही. बुरशींची ओळखपट्टी म्हणून 2012 मध्ये सुचवला गेलेला आयटीएस हा तुकडा नेमका इथेच तोकडा पडतो. या भावंडांत तो जवळपास सारखाच निघतो. चार-पाच जनुके एकत्र वाचावी लागतात. त्यात सार्वजनिक जनुक-पेढ्यांमधल्या कित्येक जुन्या नोंदींवर तेच सरसकट नाव चिकटलेले. त्यांच्याशी जुळवून शोधनिबंध लिहिला, की चुकीच्या पाटीवरून नवी पाटी रंगते आणि पुढचा संशोधक तिचाच हवाला देतो.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. रोगाचे नाव छापणाऱ्या प्रत्येक नियतकालिकाने लेखकाकडे निदान दोन गोष्टी मागाव्यात : जिवंत बुरशी अशा संग्रहात ठेवल्याचा क्रमांक, आणि एकाहून अधिक जनुकांचा पुरावा. तोवर लेखात नुसते ‘करपा’ लिहावे. बागायतदार तेच म्हणतो, आणि त्यात निदान खोटे काही नाही.