रिकाम्या बाटल्या व कोकमाचें आगळ

आपल्या कसाल गांवीं मुंबई-गोवा हमरस्त्यास मालवणचा फांटा मिळतो. उन्हाळा सुरू झाला कीं या हमरस्त्याच्या कडेच्या टपऱ्यांवर कोकमाचें आगळ, सरबत व सोलें विकावयास मांडलेलीं दिसतात. सोलें पिशवींतून जातात; आगळास मात्र बाटली लागते, आणि ती बहुधा बियरची रिकामी बाटली असते. या बाटलीवरील जुन्या लेबलासंबंधानें दोन शब्द लिहावयाचे योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल, परंतु आपल्या मालाची पत त्यांत गुंतलेली आहे, म्हणून वाचकांनीं तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंति आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करूं. कित्येक सज्जन म्हणतात कीं, ज्या बाटलींत एकदां मद्य होतें ती घरांतच आणूं नये. हें मत आम्हांस मान्य नाहीं. काच कशाचाही वास किंवा अंश शोषून घेत नाहीं. ती नीट धुतली म्हणजे नव्यासारखी होते. आगळ अतिशय आंबट व खारट असल्यामुळें धातूच्या भांड्यास तें खातें. काचेस कांहीं करूं शकत नाहीं. शिवाय बियरची बाटली बहुधा तपकिरी असते, आणि कोकमाचा लाल रंग उजेडानें उडतो. त्या दृष्टीनें ही काच आपणांस सोयीचीच आहे. 650 मिलिलिटरची जाड बाटली भंगारवाल्याकडे थोडक्या पैशांत मिळत असतां, नव्या बाटलीचा खर्च लहान बागायतदाराच्या माथीं मारावा असें आम्ही म्हणणार नाहीं. सरकारचाही तसा आग्रह नाहीं. अन्नाच्या वेष्टनासंबंधीं 2018 सालीं जे नियम झाले, त्यांत काचेची बाटली पुन्हां वापरण्यास मुभा ठेविली आहे. ती टिकाऊ व धुण्यास सोपी असावी एवढीच अट आहे.

तेव्हां बाटली वापरण्यास हरकत नाहीं. हरकत आहे ती तिच्यावरील जुन्या नांवास. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. खरेदीखत झालें, ताबा मिळाला, पण फेरफाराची नोंद घातली नाहीं आणि सातबारावर जुन्या खातेदाराचें नांव तसेंच राहिलें, तर पुढें काय होतें हें शेतकऱ्यास सांगावयास नको. जमीन खरी, घेणारा खरा. तरी कागद दुसरेंच बोलतो, आणि परका मनुष्य कागदावरच विश्वास ठेवितो. बाटलीचेंही तसेंच आहे. आंत आपल्या परसांतील रातांब्याचा शुद्ध रस, आणि वर अर्धवट खरवडलेलें बियरचें चित्र! गिऱ्हाइकानें कशावर विश्वास ठेवावा?

गेल्या उन्हाळ्यांत एका टपरीवर आम्हीं हें प्रत्यक्ष पाहिलें. देवदर्शनास निघालेलें एक कुटुंब उतरलें, आगळाची चव घेऊन खूष झालें, चार बाटल्या मागितल्या. दुकानदारानें बाटल्या पुढें ठेवितांच घरांतील वृद्ध बाईंनीं त्या मागें सारल्या व म्हणाल्या, “बाबा, तुझ्या आगळास नांव ठेवीत नाहीं, पण हें चित्र घेऊन मी देवळांत कशी जाऊं?” त्या बाईंचें काय चुकलें? दुकानदाराचे मात्र चार बाटल्यांचे पैसे गेले, आणि कारण काय, तर बोटभर कागद!

याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. याच बाटल्यांत आपल्याकडे फिनेल राहतें, रॉकेल राहतें, आणि आंबा-काजूवर फवारावयाचें औषधही शेजाऱ्यास थोडें द्यावयाचें असलें कीं याच बाटलींत ओतून दिलें जातें. एका फळीवर एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या, सारख्याच मळक्या लेबलाच्या दोन बाटल्या. एकींत आगळ आणि दुसरींत विष. अंधारांत घाईनें सोलकढी करावयास गेलेल्या बाईनें किंवा तहानेल्या मुलानें त्यांतील भेद कसा ओळखावा? कीटकनाशकांचा कायदा 1968 सालीं झाला, आणि त्याखालील 1971 च्या नियमांत औषधांचीं रिकामीं भांडीं फोडून वस्तीपासून दूर पुरावींत असें घालून दिलें, तें याच भीतीनें. म्हणून औषधाच्या रिकाम्या बाटलींत खाण्याचा जिन्नस कधींही भरूं नये, मग ती कितीही धुतलेली असो. आणि बियरच्या बाटलींत औषध कधींही ओतूं नये. या दोन गोष्टींस अपवाद नाहीं.

आतां लेबल काढावें कसें? पुष्कळ लोक सुरीनें खरवडतात. त्यानें कागदाचा वरचा थर जातो, खळ तशीच राहते, तिच्यावर धूळ बसते आणि बाटली पूर्वीपेक्षांही घाणेरडी दिसते. ज्यांस ही विद्या चांगली अवगत आहे असे लोक परदेशांत आहेत. इंग्लंडांत 1963 सालीं घरगुती बियरवरील परवान्याची अट उठली, व अमेरिकेंत 1978 च्या कायद्यानें घरीं पिण्यापुरती बियर करण्यास मोकळीक मिळाली; तेव्हांपासून तिकडील हौशी लोक जुन्याच बाटल्या धुऊन पुन्हां भरीत आले आहेत. आपल्या राज्यांत 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य करणें गुन्हा आहे, तेव्हां त्यांचा पदार्थ आपणांस नको. त्यांची धुण्याची रीत मात्र अवश्य घ्यावी.

ती रीत अशी. बियरचें कागदी लेबल बहुधा पिष्टाच्या किंवा दुधांतील केसिनच्या खळीनें लाविलेलें असतें. बाटली बर्फांत ठेविली तरी केसिनची खळ सुटत नाहीं, परंतु क्षाराच्या ऊन पाण्यांत ती विरघळते. म्हणून एक मोठी बादली सोसवेल इतक्या ऊन पाण्यानें भरून तींत दोन मुठी धुण्याचा सोडा विरघळवावा. खाण्याचा सोडा घेऊं नये, त्याचा जोर पुरत नाहीं. भांडें अॅल्युमिनियमचें नसावें, कारण सोडा त्यास खातो. बाटल्या त्याच पाण्यानें भरून आडव्या बुडवाव्या व रात्रभर ठेवाव्या. सकाळीं बहुतेक लेबलें आपोआप तरंगत असलेलीं दिसतील. राहिलेली खळ काथ्यानें घांसून काढावी. सोडा नसेल तर चुलीच्या राखेचें निवळलेलें पाणीही काम देतें, मात्र वेळ अधिक लागतो. हातांस रबरी मोजे असावेत.

कांहीं लेबलें चिकटपट्टीच्या जातीचीं असतात. त्यांचा गोंद पाण्यास दाद देत नाहीं. अशी बाटली उन्हांत तापवून लेबल हळूं हळूं सोलावें आणि उरलेल्या गोंदावर खोबरेल चोळून तासाभरानें साबणानें धुवावें. ज्या बाटलीवर नांव रंगानें भाजून छापलेलें असतें किंवा काचेंतच उठविलेलें असतें, तें निघत नाहीं. ती बाटली विक्रीच्या मालासाठीं घेऊंच नये, घरच्या आगळास ठेवावी. शेवटीं प्रत्येक बाटली आंतून ब्रशानें घांसून तीन वेळां धुवावी, उजेडाकडे धरून तळ पाहावा, मग थंड पाण्यांत ठेवून सावकाश उकळी आणावी. तापलेली बाटली एकदम गार पाण्यांत घातल्यास तडकते. नंतर ती उपडी ठेवून पूर्ण वाळवावी. पत्र्याचें जुनें बूच पुन्हां लावूं नये. आगळानें तें गंजतें.

जुनें नांव काढल्यावर काम अर्धेंच झालें असें समजावें. नवी नोंद घातलीच पाहिजे. पदार्थाचें नांव, घातलेले जिन्नस, करणाराचें नांव व पत्ता, वजन-माप, भरल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरावें, एवढें तरी स्पष्ट मराठींत असावें. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें विक्रीसाठीं माल करणाऱ्या लहान उत्पादकासही नोंदणी करावी लागते. तो क्रमांकही लेबलावर घालावा. जो आपलें नांव लिहावयास भितो त्याचा माल कोणीं कां घ्यावा?

कोणी म्हणतील, रातांबे पिकूं लागल्यावर हें सारें करावयास सवड कोठें आहे? पाऊस डोक्यावर, गडी मिळत नाहींत, फळ झाडाखालीं कुजतें. हें अगदीं खरें आहे, आणि म्हणूनच बाटल्यांचें काम शिमगा आटोपतांच उरकून ठेवावें. हें एकट्यादुकट्यानें करण्यापेक्षां संस्थेनें करणें स्वस्त पडेल. फाल्गुन-चैत्रांत प्रत्येक वाडींत एक टांकें, सोडा व ब्रश यांची सोय करावी; भंगारवाल्याकडून एकाच मापाच्या, न उठविलेल्या बाटल्या एकदम घ्याव्या; धुतलेली बाटली सभासदांस खर्चाच्या भावानें द्यावी; आणि एकच लेबल छापून त्यांत उत्पादकाच्या नांवाची जागा मोकळी ठेवावी. धुण्याच्या कामानें वाडींतील चार बायांस दोन आठवडे मजुरीही मिळेल.

एका घरच्या गैरसावध बाटलीनें कोणास अपाय झाला, तर बोल त्या घरास लागणार नाहीं. ‘मालवणकडचें आगळ’ म्हणून सगळ्यांस लागेल. ज्यानें आपल्या बाटल्या नीट धुतल्या त्यासही तो सोसावा लागेल. म्हणून हें काम प्रत्येकाच्या मर्जीवर न सोडतां संस्थेनें येत्या सभेंत विचारांत घ्यावें, व पुढील हंगामापूर्वीं निदान एका वाडींत तरी टांकें सुरू करावें, अशी सभासदांस आमची आग्रहाची विनंति आहे.