चुल्लपंथकाचे वस्त्र

विद्यालयाच्या स्मरणिकेत यशाच्या नोंदी असतात, आणि त्या असाव्यातच. या अंकातही अधिकारी, डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक झालेल्या विद्यार्थ्यांची नावे अभिमानाने छापली जातील. आम्ही मात्र येथे अशा विद्यार्थ्यांविषयी लिहिणार आहोत, ज्यांची नावे कोणत्याच स्मरणिकेत येत नाहीत.

बऱ्याच वर्षांपूर्वी इयत्ता सहावीतील एका मुलाला आम्ही शिक्षकांनी शाळा सोडल्याचा दाखला देऊन घरी पाठविले. तो चोर नव्हता, वाईट संगतीचाही नव्हता. वर्गात दहा मिनिटे जागेवर बसत नसे. सांगितलेल्या तीन कामांपैकी एकच करून येई. ताट धुवायला गेला की ताट नळावरच विसरे. प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर देई आणि रात्री इतरांची झोपमोड करी. त्याला आम्ही समजावले, रागावलो आणि, सांगताना लाज वाटते, मारलेही. शेवटी ‘वसतिगृहात राहण्यास योग्य नाही’ असा शेरा मारला. त्याला न्यायला आलेली आई आम्हाला एक शब्दही बोलली नाही. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन, मुलाचा हात धरून ती फाटकाबाहेर पडली. तो शेरा आमच्याच हस्ताक्षरात आहे.

आज मागे वळून पाहताना वाटते की, त्या मुलाला कदाचित ए.डी.एच.डी. असावा. अवधान न टिकणे, अतिचंचलता आणि उतावीळपणा ही या अवस्थेची मुख्य लक्षणे होत. मेंदूच्या वाढीशी तिचा संबंध आहे. आईबापांच्या लाडाशी, मुलाच्या बुद्धीशी किंवा चारित्र्याशी नाही. जगभरातील अभ्यासांचा अंदाज सुमारे ५ टक्के मुलांचा आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी एक-दोन मुले असणारच. मुलींमध्ये पुष्कळदा धावपळ दिसत नाही. त्या नुसत्याच खिडकीबाहेर पाहत बसतात, म्हणून त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत. दाखल्याच्या रजिस्टरात त्यांची नोंद ‘अभ्यासात कच्ची’ एवढीच राहते.

आपल्या समाजाला हा शब्दप्रयोग नवा नाही. तुमच्या मुलांना बुद्धीच नाही, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला ऐकविले गेले. त्याला बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तरांपैकी एक होते वसतिगृह. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, त्यामागील विचार साधा होता. मुलाला दोन वेळचे जेवण, दिवा, पुस्तक आणि अभ्यासाला जागा द्या, मग त्याच्या बुद्धीविषयी बोला. मूल तेच राहिले, त्याच्या भोवतीची परिस्थिती बदलली, आणि निकाल बदलला. आपल्यापैकी बहुतेक जण या बदलाचीच लेकरे आहोत. असे असताना वसतिगृहाच्या शिस्तीत न बसणाऱ्या मुलाविषयी आपणच ‘याच्यात काही नाही’ म्हणू लागलो, तर आपण बाबासाहेबांचा तर्क अर्ध्यावर सोडला असे होईल.

बौद्ध परंपरेत यासंबंधी एक कथा आहे. अट्ठकथेतील ही कथा आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही, शिक्षणशास्त्र म्हणून सांगतो. चुल्लपंथक नावाच्या तरुण भिक्खूला चार महिने प्रयत्न करूनही एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान भिक्खू. त्याने कंटाळून धाकट्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. पहाटे निघालेल्या चुल्लपंथकाला तथागतांनी वाटेत थांबविले, हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि उन्हाकडे तोंड करून बसून ते हाताने चोळत राहण्यास व एकच लहानसा शब्द म्हणत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्या मळण्यातून चुल्लपंथकाला अनित्यता उमगली. त्याला ए.डी.एच.डी. होता असा आमचा दावा नाही. आमचे लक्ष जाते ते तथागतांच्या कृतीकडे. पाठांतर जमत नाही असे दिसताच त्यांनी शिकवण्याचे साधन बदलले. हातांना काम दिले, डोळ्यांना दिसेल असे काहीतरी दिले आणि पाठ लहान केला. त्या दिवशी आम्ही फाटकाशी उभे होतो, परंतु आमच्या हाती वस्त्र नव्हते, दाखला होता.

तंत्रज्ञानाकडे आम्ही असे वस्त्र म्हणून पाहतो. ते महाग असावे लागत नाही. या मुलांना वेळेचा अंदाज येत नाही. ‘अर्धा तास अभ्यास कर’ हे वाक्य त्यांच्यापुरते हवेत विरते. अशा वेळी सरकत जाणारी रंगीत तबकडी दाखविणारे टायमर, किंवा जुन्या मोबाईलवरील तशीच सोय, उरलेला वेळ डोळ्यांना दाखवते. अर्ध्या तासाऐवजी दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे आणि मध्ये पाणी भरून आणण्याचे काम, एवढ्यानेही फरक पडतो. दुसरी अडचण ऐकलेले ध्यानात धरून ठेवण्याची. पहाटेच्या घंटेपासून वंदनेपर्यंतची कामे क्रमाने दाखविणारा चित्रतक्ता खाटेशी लावला आणि प्रत्येक कामाच्या वेळी हातातील साध्या घड्याळाचा गजर झाला, तर गृहपालांना एकच गोष्ट दहा वेळा ओरडून सांगावी लागत नाही. तिसरी अडचण लांब मजकुराची. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आणि बोललेले मराठीत लिहून देणारी सोय आज साध्या मोबाईलमध्येही आहे. इतिहासाचा धडा कानांनी ऐकत, व्हरांड्यात फेऱ्या मारत शिकणारा मुलगा शिस्त मोडतो असे आम्हाला आता वाटत नाही. ध्यानाच्या तासालाही त्याला बसण्याऐवजी चंक्रमण करू द्यावे. चालत ध्यान करणे ही आपल्याच परंपरेतील रीत आहे.

मुलाइतकाच भार त्याला सांभाळणाऱ्यांवर असतो, हे आपण फार क्वचित बोलतो. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. मुलाविषयी त्यांना शाळेचा फोन येतो तो तक्रारीचाच. फडात कोयता बाजूला ठेवून ती माऊली फोन घेते आणि ‘सर, मी काय करू?’ एवढेच विचारते. आठवड्यातून एकदा गृहपालांनी तिला मुलाने नीट केलेल्या एका कामाविषयी आवाजी संदेश पाठवावा. वाचता न येणाऱ्या आईलाही तो रात्री पालावर ऐकता येतो, पुन्हा पुन्हा ऐकता येतो. गृहपाल आणि अधीक्षिका यांचेही तसेच. साठ-सत्तर मुलांमागे एकच माणूस, रात्रीची झोप नाही आणि वर सर्वांचा दोष त्यांच्याच माथी. मनावरचा ताण असह्य झाला तर शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती पालकांसाठीही आहे आणि आम्हा शिक्षकांसाठीही.

वसतिगृहाचा एक मोठा फायदा आहे, तो आपण वापरत नाही. या अवस्थेचे निदान करताना तज्ज्ञ पाहतात की लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आहेत काय, किमान सहा महिने टिकली आहेत काय आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसतात काय. आपण मुलाला वर्गात, भोजनगृहात, मैदानावर आणि झोपण्याच्या खोलीत पाहतो. वर्गशिक्षक, गृहपाल आणि स्वयंपाकीण मावशी यांनी एका सामाईक तक्त्यात रोज दोन ओळी भरल्या, तर तो तक्ता डॉक्टरांना कोणत्याही ऐकीव तक्रारीहून उपयोगी पडेल. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत ए.डी.एच.डी.चा समावेश आहे. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकासमोर तो तक्ता ठेवणे आपल्या हातात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या अवस्थेचे नाव नाही, परंतु विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे आहे, आणि दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच मुलात आढळतात. म्हणून तीही तपासणी मागावी. औषध द्यायचे की नाही हे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरवावे. शेजाऱ्यांनी नव्हे, आणि आम्हीही नव्हे.

तंत्रज्ञानाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे स्वागत करावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ८ ते १२ वर्षांच्या अशा मुलांसाठी एका संगणकीय खेळाला परवानगी दिली. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि इतर उपचारांच्या जोडीने वापरण्याच्या अटीवर. तेथे एवढी सावधगिरी बाळगली जाते, आणि येथे मात्र ‘एकाग्रता वाढवा’ म्हणून काहीही विकले जाते. मुलाच्या हाती मोबाईल देऊन त्याला गप्प बसविणे हा आधार नव्हे. वर्गात कॅमेरा लावून त्याच्या हालचाली मोजणे हाही नव्हे. आपल्या माणसांवर नजर ठेवणारे डोळे इतिहासात कमी नव्हते; ते आपणच आपल्या लेकरांवर रोखू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. वर सुचविलेला तक्ताही पालकांना समजावून, त्यांच्या होकाराने ठेवावा, आणि तो व्हॉट्सॲपच्या गटावर कधीही टाकू नये.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे मोठे नाही. दरवर्षी आपण प्रवेशद्वारासाठी, रंगरंगोटीसाठी उदारपणे देणगी देता. यंदा त्यातला काही भाग टायमर, गजराची घड्याळे, कानाला लावायचे श्रवणसंच आणि गृहपालांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी द्यावा. आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांनी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर गृहपालांशी बोलावे. पालकांना विनंती की मुलाची अडचण प्रवेशाच्या वेळी लपवू नये. ती सांगितल्याने प्रवेश नाकारला जाणार नाही, असा ठराव संस्थेने लेखी करावा, ही विनंती आम्ही या लेखाद्वारे विश्वस्तांना करीत आहोत. आणि तपासणी होऊन, किमान एक सत्र साधने वापरून पाहिल्याशिवाय चंचलतेच्या कारणावरून कोणाचाही दाखला काढला जाऊ नये, हेही त्या ठरावात असावे.

तो मुलगा आज बाप्या माणूस झाला असेल. कदाचित त्याचे मूल शाळेत जाण्याच्या वयाचे असेल आणि तेही दहा मिनिटे एका जागी बसत नसेल. ही स्मरणिका कोणाच्या हातून त्याच्यापर्यंत पोहोचली, तर आमचा एवढाच निरोप द्यावा. चूक आमची होती. लेकराला घेऊन ये. त्याची खाट आम्ही खिडकीजवळ नाही, फळ्याजवळच्या खोलीत ठेवू, आणि त्याच्या आजीलाही सोबत आण. तिच्याशी आम्हाला बोलायचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!