लहान आस्थापनांतील निकोप संबंध
सहकाऱ्यांमधील निकोप संबंध हा केवळ स्वभावाचा प्रश्न मानला जातो. परंतु लातूरची आडत दुकाने असोत वा नांदेडचे छोटे दवाखाने व शिकवणी वर्ग, मालक वा वरिष्ठ अनेकदा नात्यातला किंवा गावाकडचाच असल्याने, लैंगिक त्रासाविषयी बोलणे म्हणजे भावकीत वैर ओढवून घेणे, असे तेथील स्त्री कर्मचाऱ्याला वाटते. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने १० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या अशा ठिकाणांसाठी जिल्हास्तरीय ‘स्थानिक समिती’, म्हणजे महिला अध्यक्षांखालील आणि मालकाच्या अधिकाराबाहेरील चौकशी मंडळ, ठेवली असून खुद्द मालकाविरुद्धची तक्रारही घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे करता येते. या समितीचा पत्ता प्रत्येक दुकानात व दवाखान्यात दर्शनी भागी, मराठीत लावणे अत्यंत निकडीचे आहे.